दोरीवरच्या घड्या

“तुझ्या घड्या अजून दोरीवर वाळत्यात, आन नळाला हात लावतीस व्हय गं?” अंजनाकाकू मागच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, तेव्हा माझी कळशी अर्धी भरली होती. आवाज चढलेला नव्हता. भाजीवालीला भाव विचारावा तितक्या सहज बोलल्या. पण मी दचकले, आणि ते नळामुळे नाही. पाळीच्या कापडाच्या घड्या मी दोरीवर वाळत घातल्याच नव्हत्या. या खेपेला एकही नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कापड घेऊ नको, पॅड घे, म्हणजे किती जातंय ते तुझं तुला कळेल. मी पॅड घेत होते, कागदात गुंडाळून पिशवीतून कामावर नेत होते आणि तिथे कचरा जाळतात त्या खड्ड्यात टाकत होते. मग काकूंना घड्या दिसल्या कुठून? बाई खडा टाकून बघतेय, माझ्या मनात आलं. मी म्हणाले, “आज शेवटचाच दिवस, काकू.” म्हणाले आणि जीभ चावली, कारण आता मी कबूल करून बसले होते. काकू हं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचं हं मला दिवसभर पुरलं.

नारायणगावात ही खोली आम्हाला मिळाली तेव्हा काकूंनी आडनाव विचारलं, थोडा वेळ छताकडे पाहिलं, आणि मग म्हणाल्या, द्यायला हरकत न्हाई, पन मागचा नळ दोघींचा, आमच्यात देवाचं पानी त्याच नळाचं, तवा तुजे ते चार दिवस तू नळ सोडायचा न्हाई, मी भरून देईन. नवऱ्याला, राजरत्नाला, हे सांगायची मला लाज वाटली. त्यांच्या घरात, शिनोलीला, कावळा शिवणं वगैरे प्रकार त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याच वर्षी चुलीत घातलेला. पण खोली कामाच्या जवळ होती, शाळा जवळ होती, आणि एवढ्या तेवढ्यावरून खोल्या सोडत बसलं तर माणसानं हायवेवरच गोधडी टाकावी. मी हो म्हणाले. तेव्हापासून दर महिन्याला मी काकूंच्या दारात जाऊन म्हणते, “काकू, आज भरून द्या.” त्या भरून देतात, प्रेमानं देतात, वर लिंबाचं लोणचंही देतात. पण त्यामुळे झालं असं की माझ्या पाळीची तारीख माझ्यापेक्षा त्यांना पक्की पाठ. जानेवारीत मी त्यांच्या दारात गेले नाही. त्यांनी विचारलं नाही. न विचारणाऱ्या बायकांची मला जास्त भीती वाटते.

काम मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये करते, टेबलावर. बाहेरदेशी जाणारा माल. घड हातात घ्यायचा, वरून कितीही छान दिसला तरी उलटा करायचा, देठापाशी दोन मणी बाजूला सारून आत बघायचं. एखादा मणी मऊ पडलेला असतोच. यंदा मला टेबलाची मुकादम केली, म्हणजे आता इतर बायकांनी पाहिलेले घड मी पुन्हा उलटे करून बघते. राजरत्न म्हणतो, तू माणसंपण अशीच बघतेस. चाकणला कंपनीत असतो तो, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्याला आठवड्यात एकच दिवस मी भेटते म्हणून असं बोलायला परवडतं.

दवाखान्यातसुद्धा मी घड उलटा करूनच पाहिला होता. डॉक्टरीणबाई तरुण, चष्म्याची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. त्यांनी तपासलं, गर्भ दीड महिन्याच्या आतबाहेर असेल म्हणाल्या, एवढ्यात असेल तर गोळ्यांनी होतं, पिशवीला हत्यार लावावं लागत नाही. एक गोळी आज माझ्यासमोर घ्यायची. तिनं बहुतेक काही होणार नाही, फार तर मळमळेल. मग मध्ये एक दिवस सोडून चार गोळ्या घरी, गालात धरायच्या, दोन इकडे दोन तिकडे, अर्धा तास, आणि उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. त्यानंतर दोन-चार तासांत पोटात कळा येतील, पाळीच्या कळांपेक्षा जोरात. थंडी वाजेल, अंग तापेल, जुलाबही होतील, ते त्याच दिवशी उतरलं पाहिजे. रक्त पाळीपेक्षा जास्त जाईल, गाठी जातील. पुढे थोडं थोडं दोन आठवडेसुद्धा जाऊ शकतं. “पण तासाभरात दोन पॅड पूर्ण भिजले, आणि लागोपाठ दोन तास तसंच झालं, तर विचार करत बसायचं नाही, सरळ इथे यायचं. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, वास मारायला लागला, तरी यायचं. आणि काहीच झालं नाही तरी यायचंच.” मी विचारलं, नवऱ्याची सही? म्हणाल्या, तू सज्ञान आहेस, सही तुझी एकटीची. मी पुन्हा विचारलं. त्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही. इतकं सोपं कसं असेल? आयुष्यात मला ज्या ज्या गोष्टी सोप्या म्हणून सांगितल्या गेल्या, त्यात लग्न होतं, बाळंतपण होतं, आणि एकटीच्या सहीनं काही होतं हे तर मी पहिल्यांदाच ऐकत होते. घरी येताना मला वाटत राहिलं की कंपाउंडरनं माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. त्याचं गाव शिनोलीकडचं असेल का?

मूल का नको, हे राजरत्नाला सांगावं लागलं नाही. कल्याणी झाली त्या वर्षाचं आम्ही दोघं बोलत नाही. लोक म्हणतात बाळंतीण हळवी होते. मी हळवी नव्हते, मी दगड झाले होते. मूल रडायचं आणि मला ते शेजारच्या घरातून ऐकू आल्यासारखं वाटायचं. अंगावर घेतलं तरी हात माझे नसायचे. झोप नाही, भूक नाही, आणि कुणाला सांगावं तर म्हणतील पोरगी झाली म्हणून तोंड पाडून बसली. तेव्हा आम्ही कुकडीच्या कालव्याजवळ राहायचो. एका दुपारी मी लेकराला घरात झोपवून कालव्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. पाणी वरपर्यंत आलेलं होतं, त्याच्यावर तोडलेल्या उसाचा पाला वाहत होता. मग मी परत आले, एवढंच. तिथे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासू आली शिनोलीहून, बोलावलं नसताना, आणि कल्याणीला उचलून घेऊन गेली. शेळीच्या दुधावर वाढवते म्हणाली. चार महिने. मी दगड होते म्हणून रडले नाही, पण दगडावरही ओरखडा उठतो. द्रौपदाबाई, माझी सासू, तिला मी आत्या म्हणते, तिनं माझं लेकरू माझ्यापासून काढून नेलं, कारण तिचा माझ्यावर भरवसा नव्हता. हे मी कधी विसरले नाही. तिला शेव-चिवडा दिला, लुगडी घेतली, पाया पडले, पण विसरले नाही.

म्हणून त्या रविवारी सकाळी दार वाजलं आणि दारात आत्या उभी, तेव्हा मी दारातच अडून उभी राहिले. राजरत्न यायचा होता. त्याच्या भरवशावर मी रविवार धरला होता. तो असेल, कल्याणीला बघेल, मी पडून राहीन. शनिवारी त्याचा फोन आला की कंपनीत काम निघालंय, जमत नाही, तू उद्याच घेऊन टाक, घाबरू नकोस. आणि रविवारी त्याच्याऐवजी त्याची आई. घोडेगावहून मंचर, मंचरहून जीप, हातात पिशवी, कपाळावर घाम. “आले आपली. पोरीची याद आली,” म्हणाली. दिवाळीनंतर कधी न आलेली याद बरोबर आजच कशी आली? मी मागे जाऊन राजरत्नाला फोन लावला. तो म्हणाला, आई? तिथे? मला काही बोलली नाही ती. त्याच्या आवाजात खरंच आश्चर्य होतं, पण फोनच्या खरखरीत कुठलंही आश्चर्य खरंच वाटतं. मायलेकराचं संगनमत, मी मनात म्हटलं. आत येऊन पाहते तर आत्या पिशवीतून काय काढतेय? अळीव. गूळ. शेपा. बाळंतिणीला, नाहीतर रक्त गेलेल्या बाईला देतात ते. माझ्या मनात पाल चुकचुकली नाही, तिनं घरच केलं.

गोळ्या मी तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या. आत्या कल्याणीला घेऊन ओट्यावर बसली तशी मी त्या काढल्या, दोन इकडे दोन तिकडे धरल्या आणि भांडी घासायला बसले. खडूची पूड तोंडात धरल्यासारखी चव. पाच मिनिटं गेली नसतील, आत्या आत आली. “चा ठिवू का गं?” मी मान हलवली. “बोलत का न्हाईस? तोंडात काय धरलंय?” मी बोट दातांवरून फिरवलं. “मिशरी? तू कवापासनं मिशरी लावाया लागलीस?” मी खांदे उडवले. आमच्याकडच्या निम्म्या बायका सकाळी मिशरी तोंडात धरून मुक्या बसलेल्या असतात, त्यामुळे बहाणा फिट बसला, पण आत्याचे डोळे माझ्या गालावरून हलेनात. “वाईट सवय. मी सोडली, तू धरलीस,” म्हणाली आणि तिथेच पाटावर बसली. अर्धा तास ती माझ्यासमोर बसली होती. मी एकच पातेलं किती वेळा घासलं देव जाणे. आमच्यात देव नाही, तरी तोच जाणे.

मग काहीच झालं नाही. एक तास गेला, दुसरा गेला. आत्यानं भाकरी केल्या, मी दोन घास खाल्ले. पोट गप्प. डॉक्टरीणबाईंनी चार तासांपर्यंत सांगितलं होतं, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि धीर धरवणं यांच्यात मोठा ओढा आहे. गोळ्यांचं पाकीट मी डब्यात उभं ठेवलं होतं आणि सापडलं तेव्हा ते आडवं होतं. उभं ठेवलं होतं ना? की आडवंच होतं? आत्या आल्या आल्या डाळ निवडायला बसली होती. तिनं डबा उघडला होता. गोळ्या बदलल्या? कुठल्या घातल्या असतील, डोकेदुखीच्या? तिला अक्षरं लावता येतात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली. मी उठून कचऱ्यातलं पाकीट काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. नाव बरोबर होतं. तरी माझं समाधान होईना. आणि तेवढ्यात ओटीपोटात कुणीतरी ओला पंचा पिळावा तशी कळ आली, आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. पुढच्या कळेला तो आनंद पळाला. दुपारभर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. दात वाजत होते. आत्यानं काही न विचारता गोधडी टाकली, तिच्यावर दुसरी टाकली, तव्यावर फडकं गरम करून पोट शेकायला घेतलं. “पोट बिघडलंय,” मी म्हणाले. “बिघडू दे,” ती म्हणाली. हे काय उत्तर झालं? मोरीत गेले तेव्हा एक मोठी गाठ गेली. मी वाकून पाहिलं. बाईंनी सांगितलं होतं, एवढ्यात ओळखू येण्यासारखं काही नसतं, आणि नव्हतंच, रक्त होतं, पाळीत असतं तसं, जास्त. मी पाणी ओतलं आणि रडले. दुःखानं रडले असं कुणाला वाटेल. मी सुटले म्हणून रडले. कालवा लांब गेला होता. रडून बाहेर आले तर आत्या मोरीच्या दाराशी उभी, हातात तांब्या. किती वेळ उभी होती? “झालं का? मला जायाचंय,” एवढंच म्हणाली, आणि माझ्यामागून आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काय शोधत होती ती तिथे?

ताप संध्याकाळी उतरला. रक्त दोन दिवसांनी कमी झालं. सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे होत होतं आणि म्हणूनच मला खरं वाटत नव्हतं. पण जिवाला खरी कुरतड आत्याची. ती गेलीच नाही. दोन दिवस राहते म्हणाली आणि राहिली. पहाटे माझ्याआधी उठायची, सगळ्यांचे कपडे धुऊन टाकायची, मला हात लावू द्यायची नाही. मला वाटायचं, माझे कपडे बघते. मी अंथरूण घातलं की त्याच्यावर निजायची नाही, खाली गोणपाट टाकून निजायची. मला वाटायचं, माझा विटाळ धरते, वर म्हणायला आमच्यात शिवताशिवत न्हाय. माझ्या पाकिटातले पॅड कमी झाल्यासारखे वाटायचे. एका सकाळी मी उठले तर परसात पाला पेटवून ती काठीनं काहीतरी आत ढकलत होती. अळीवाची खीर करायची आणि मला एक वाटी दिली तर स्वतः दोन घ्यायची. आणि एकदा, कल्याणीच्या वेण्या घालता घालता, माझ्याकडे न बघता: “तुमच्या हितं ती डॉक्टरीन हाय म्हनं. बाईमानूसच हाय न्हवं? बोलाया कशी हाय?” मी म्हणाले, “मला काय माहीत? मी कशाला जातेय तिच्याकडे?” तिचा हात वेणीत थांबला. मग म्हणाली, “तसं न्हवं, इचारलं आपलं.” त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलू लागलो. कल्याणीचा हात धरून ती शाळेत सोडायला निघाली की मी दारात उभी राहून त्या दोघी दिसेनाशा होईपर्यंत बघायचे. कोपऱ्यावरून डावीकडे वळल्या तर शाळा. उजवीकडे वळल्या तर जीपचा अड्डा.

काकूंच्या त्या बोलण्यानंतर मी कामावर गेले आणि दिवसभर टेबलाशी उभी राहून हेच उलटसुलट करत राहिले. काकू खोटं का बोलतील? नळ हवा असेल तर सरळ मागतील, त्यांना आडपडदा नाही. मग घड्या होत्या. होत्या तर कुणाच्या? आमच्या दोरीवर आम्ही दोघी आणि एक सात वर्षांची पोर. हातात घड होता, मी तो सवयीनं उलटा केला, देठाकडचे मणी सारले, आणि हात तसाच राहिला. बाजूची सरूबाई म्हणाली, “काय गं, किडका निघाला का?” मी घड खाली ठेवला, पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. वळसा मी स्वतःभोवतीच घालत होते.

दोरीच्या पार टोकाला, भिंतीकडे, आत्याचं लुगडं वाळत होतं. ते मी रोज पाहत होते. लुगडं उचललं. खाली तिचा परकर. परकर उचलला. त्याच्या खाली, ऊन लागणार नाही अशा, दमट, जुन्या हिरव्या लुगड्याच्या फाडलेल्या चार घड्या. धुऊनही डाग न गेलेल्या. एकीची कड काकूंच्या दाराकडून दिसेल अशी लोंबत होती. आपल्या बायका लपवून वाळवतात तशाच लपवलेल्या. आत्याची पाळी जाऊन किती वर्षं झाली होती! माझ्या लग्नाच्याही आधी गेलेली. मी मागे वळले तर ती दारात. अंग चोरून, चौकट धरून. तिचा चेहरा मी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिला असेन. पिठासारखा पांढरा होता. ओठसुद्धा.

“कधीपासून?” मी विचारलं.

“दिवाळीपासनं. मंधी थांबायचं, पुन्यांदा चालू.” ती खाली बसली. “शिनोलीत कुनाला सांगू? बाया म्हनत्यात पिशवी काढाया लागती. काढलेल्या दोघी-तिघी बघितल्यात मी, पार वाळून गेल्या. राजूला काय सांगू, ल्योक हाय. तुला सांगावं म्हनून आले. आले तर तू भित्तीकडं तोंड करून. मला वाटलं तुला कळलंच हाय, वास आला आसंल, किळस आली आसंल माझी. तुझं आंथरून खराब व्हईल म्हनून गोनपाटावर निजले तरी तुजं तोंड तसंच.”

 पाट घेऊन मी तिच्या शेजारी बसले. एवढे दिवस एका खोलीत दोन बायका, दोघींना रक्त जातंय, आणि दोघी एकमेकींपासून लपवतायत. हसू येण्यासारखंच होतं, पण हसू आलं नाही. तिला दवाखान्यात न्यायला हवं होतं आणि दवाखाना मला एकच माहीत होता. बाई माझं नाव घेणार, गोळ्यांचं विचारणार, माझी दाखवायची वेळही झालीच होती. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवता आलं असतं. मंचरला न्या म्हणून राजरत्नाला सांगता आलं असतं. माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. हे सगळं मनात येऊन गेलं, नाही असं नाही. मग तिच्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, “उद्या सकाळी जायचं. माझ्याच डॉक्टरीणबाईकडे.” ‘माझ्याच’ हा शब्द तिनं ऐकला. 

दवाखान्यात बाकावर बसल्यावर ती भिंतीवरची पाटी वाचत होती, एकेक अक्षर ओठ हलवून. येथे गर्भाचे लिंग सांगितले जात नाही. वाचून झाल्यावर माझ्याकडे वळली. “त्या ऐतवारी तुजं पोट बिघडलं न्हवतं.”

“नाही.”

“पोरगी व्हती?”

“एवढ्यात कळत नाही, आत्या. कुणालाच कळत नाही.”

“खरं सांग. राजूनं सांगितलं का, एक पोरगी हाय म्हनून?”

“नाही. मी ठरवलं. मला त्या कालव्याची भीती वाटली.” हे शब्द मी कुणासमोर उच्चारले नव्हते. तोंडातून गेले आणि वाटलं, झालं, आता ही कल्याणीला घेऊन जाणार.

आत्यानं गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं. “आपल्या गावचा गेनभाऊ पाटकरी व्हता न्हवं तवा कालव्यावर, पानी सोडायला. त्यानं बघितली तुला. रातीलाच शिनोलीला येऊन सांगून गेला, सून तुमची काठावर हुबी व्हती, डोळं बरं न्हवतं. म्हनून मी दुसऱ्या दिशी आले. लेकरू नेलं तर तुला नीज तरी लागंल म्हनलं. राजूला सुदिक सांगितलं न्हाई कवा, तुला लाज वाटंल म्हनून.” मग थोड्या वेळानं, “केलंस त्ये बरं केलंस,” म्हणाली. आणि आणखी थोड्या वेळानं, हळूच, “पोरगी न्हवती ना पन?” तिचा विश्वास बसलेला नव्हता. बहुधा कधीच बसणार नाही. मी तिचा हात धरला. तो थंड होता, आणि सात वर्षं या बाईविरुद्ध मी जे रचून ठेवलं होतं ते सगळं घेऊन मी तिथे बसले होते. ते कुठे ठेवावं मला कळत नव्हतं.

कंपाउंडरनं माझं नाव पुकारलं. मी म्हणाले, आधी यांना. बाईंनी आत्याला तपासलं, शांतपणे सगळं विचारलं. म्हणाल्या, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं ते अंगावर काढायचं नसतं. घाबरू नका, पण थांबूही नका. पुण्याला मोठ्या दवाखान्यात पिशवीच्या आतला तुकडा तपासायला द्यावा लागेल, ते कळल्याशिवाय कुणीही पिशवी काढा म्हटलं तर काढायची नाही. मग मला तपासलं. तुझं सगळं साफ झालंय, म्हणाल्या, राहिलेलं काही नाही. एवढंच ऐकायला मी आले होते, आणि ते ऐकताना माझं लक्ष पडद्यापलीकडे होतं, जिथे आत्या लुगडं नेसत होती आणि तिला नीट वाकता येत नव्हतं. निघताना बाई म्हणाल्या, आजी, कापड घेताय ते कडक उन्हात वाळवा, उघड्यावर, लपवून दमट ठेवलं की आणखी रोग.

मंगळवारी पुण्याला जायचं ठरलं. राजरत्नाला फोनवर आईचं सांगितलं, तो रजा टाकतो म्हणाला, रडला. त्या रविवारी कंपनीत खरंच काम होतं का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला उठू दिलं नाही. तिच्या घड्या मी धुतल्या, आणि दोरीच्या मधोमध, जिथे ऊन पहिल्यांदा येतं तिथे, एकेक झटकून टाकल्या. वर लुगडं नाही, परकर नाही. पाठीमागे काकूंचं दार वाजलं. त्या कळशी घेऊन आल्या होत्या. दोरीकडे बघत राहिल्या.

“कुनाच्या गं ह्या?”

आत खोलीत आत्याच्या खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. ती ऐकत होती.

“माझ्या,” मी म्हणाले.

“अजून?”

“हो काकू. अजून.”

त्या नळाच्या आणि माझ्या मध्ये उभ्या होत्या. मी बादली उचलली, त्यांच्या बाजूनं गेले, बादली नळाखाली ठेवली आणि नळ सोडला.